आडत दुकानाची खतावणी: जँगोमधलं इनहेरिटन्स आणि फॉरेन की दुरुस्तीच्या नोंदी

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं. मूळ प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला आहे. जँगो ५.२ (पायथनमधली वेब-चौकट), पोस्टग्रेस डेटाबेस. दुकानातलाच एक डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो, बाकीची मशिनं लॅनवर. 'शेतकऱ्यांचं टेबल वेगळं, खरेदीदारांचं वेगळं' अशी रचना ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवतो आहे. प्रत्येक प्रयोग आधी डेटाबेसच्या प्रतीवर केला. चालू खतावणीवर एकही प्रयोग करू नका, लोकांचे पैसे आहेत ते.

२ जून २०२५

तक्रार अशी: एका शेतकऱ्याला बी-खतासाठी दिलेली चाळीस हजारांची उचल उधारीच्या यादीत एका खरेदीदाराच्या नावावर दिसते. मुनीमजींनी कागदी रोजमेळ काढून समोर ठेवला. तिथे नाव बरोबर, रक्कम बरोबर. म्हणजे चूक मशीनमध्ये.

मॉडेल (टेबलाची रचना सांगणारे पायथन क्लास) उघडली. 'पार्टी' हे ॲब्स्ट्रॅक्ट मॉडेल, त्यातून इनहेरिटन्सने (पालकाचे कॉलम मुलाला मिळतात) शेतकरी, खरेदीदार आणि हमाल अशी तीन मॉडेल काढलेली. ॲब्स्ट्रॅक्ट असल्यामुळे पार्टीचं स्वतःचं टेबल नाही. तिघांची तीन टेबलं आणि तिन्हींचे आयडी एकपासून सुरू. खतावणीच्या टेबलात 'पार्टी_क्रमांक' हा नुसता आकडा, आणि शेजारी 'प्रकार' म्हणून एक अक्षर: शे, ख किंवा ह. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारी आणि डेटाबेसने तपासलेली किल्ली, कुठेच नाही. ३१८ क्रमांकाचा एक शेतकरी आहे आणि ३१८ क्रमांकाचा एक खरेदीदारही आहे. कुठला ३१८ हे त्या एका अक्षरावर अवलंबून, आणि उधारीच्या यादीची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ते अक्षर बघतच नव्हती.

क्वेरी लगेच दुरुस्त केली, यादी सुधारली. पण तेवढ्यावर सोडणं मला पटलं नाही. मृग तोंडावर आहे, उचलीसाठी दुकानात रोज माणसं येत आहेत. उचल भलत्याच्या नावावर पडली तर दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) करताना ती शेतकऱ्याच्या रकमेतून वळती होत नाही. उलट झालं तर न घेतलेली उचल कापली जाते. दुसऱ्या चुकीत शेतकरी निदान भांडायला येतो. पहिली चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

३ जून

बिघाड किती खोल आहे ते बघितलं. खतावणीच्या प्रत्येक ओळीला तिच्या अक्षराप्रमाणे त्या त्या टेबलाशी लेफ्ट जॉइन लावला आणि जिथे समोर कुणीच सापडत नाही अशा ओळी वेगळ्या काढल्या. निघाल्या. थोड्या नाहीत, मुनीमजींचा चेहरा उतरला इतक्या. कारण साधं आहे: फॉरेन की नसल्यामुळे शेतकऱ्याचं नाव डिलीट केलं की त्याच्या नोंदी तशाच लटकत राहतात. डेटाबेस अडवत नाही, कारण तो आकडा कुणाकडे बोट दाखवतो हे त्याला कधी सांगितलेलंच नाही.

दुसरी गोष्ट मुनीमजींनीच दाखवली. औसा तालुक्यातले एक जण स्वतःचं सोयाबीन या दुकानात घालतात. गावाकडे त्यांची छोटी दाळमिल आहे, खरेदीचा परवाना आहे, त्यामुळे तूर ते इथूनच खरेदीही करतात. मशीनमध्ये ते दोनदा आहेत.

"माणूस एकच हाय, गाव एकच हाय, मोबाईल एकच हाय. मग खाती दोन का दाखवूलालंय हे?"

मुनीमजींच्या कागदी खतावणीत त्यांचं पान एकच आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. तुरीचे येणे आणि सोयाबीनचे देणे तिथेच वळते होते. ही गोष्ट मी त्या दिवशी नुसती टिपून ठेवली. पुढचं सगळं काम शेवटी इथेच येऊन थांबलं.

५ जून

पहिला प्रयत्न: खतावणीतून थेट 'पार्टी'ला फॉरेन की. जँगो तपासणीतच अडवतो, त्रुटी फील्ड्स.ई३००: ज्या मॉडेलशी नातं जोडलं ते एक तर बसवलेलं नाही किंवा ॲब्स्ट्रॅक्ट आहे. बरोबरच आहे. टेबलच नाही तर किल्ली जाणार कुठे?

दुसरा प्रयत्न: जेनेरिक फॉरेन की. कंटेंट टाइप आणि ऑब्जेक्ट आयडी असे दोन कॉलम मिळून कुठल्याही मॉडेलकडे बोट दाखवता येतं. चालवून पाहिलं, चाललं. तरीही नाकारलं. आत डोकावलं तर ते शे-ख-ह चंच नीटनेटकं रूप आहे. डेटाबेसच्या पातळीवर बंधन काहीच नाही. समोरची ओळ कुणी थेट एसक्यूएल लिहून काढली तर पोस्टग्रेस गप्प बसतो. जेनेरिक रिलेशन जोडलं नसेल तर जँगोमधून डिलीट केलं तरी नोंदी मागे लटकतात. शेरे, फोटो, टॅग यांना हे ठीक आहे. पैशाच्या नोंदीला मी हे लावणार नाही.

सगळ्यांचं एकच टेबल करून प्रकार एका कॉलमात ठेवायचा, हाही विचार झाला. शेतकऱ्याला बँक खातं आणि आयएफएससी लागतो, खरेदीदाराला जीएसटी क्रमांक, पॅन आणि परवाना. एका टेबलात घातलं तर निम्मे कॉलम कायम रिकामे आणि कुठल्याच कॉलमाला 'रिकामा चालणार नाही' असं सरळ म्हणता येत नाही. शिवाय दाळमिलवाल्यांच्या प्रकारात काय लिहायचं हा प्रश्न तिथेही उभाच.

९ जून

मल्टी-टेबल इनहेरिटन्स घेतलं. 'पार्टी' आता खरं टेबल: नाव, गाव, मोबाईल. शेतकरी आणि खरेदीदार त्यातून काढलेले. जँगो प्रत्येक मुलाच्या टेबलात 'पार्टी_पीटीआर' हा वन-टू-वन कॉलम स्वतः घालतो आणि तोच त्या टेबलाची प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) होतो. खतावणीची फॉरेन की पार्टीकडे. वाचायला सुरेख.

मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींमध्ये) दुपार गेली. ॲब्स्ट्रॅक्ट पालकाचा खरा पालक केला की मेकमायग्रेशन्स ही आज्ञा नव्या पीटीआर कॉलमासाठी डिफॉल्ट विचारते, आणि तिथे देण्यासारखं एकही डिफॉल्ट नसतं: प्रत्येक ओळीला वेगळी पार्टी हवी. त्यातून मॉडेलचे पालक बदलले हे मायग्रेशनच्या इतिहासात नोंदवायला जँगोकडे तयार ऑपरेशनच नाही. जुनी मॉडेल ओढूनताणून बदलण्यात अर्थ नव्हता. नव्या नावांची मॉडेल केली आणि डेटा रनपायथनने (मायग्रेशनमध्येच पायथन कोड चालवणारं ऑपरेशन) उतरवला. रनपायथनमध्ये मॉडेल ॲप्स.गेट_मॉडेलनेच घ्या. ते त्या टप्प्यावरचं मॉडेल देतं. मात्र त्यात तुमचं स्वतः लिहिलेलं सेव्ह किंवा इतर मेथड नसतात. नाव स्वच्छ करण्याचा कोड मूळ प्रोग्रामच्या सेव्हमध्ये होता, तो इथे चालला नाही. वेगळं फंक्शन करून दोन्हीकडे बोलवावं लागलं.

११ जून

आज दाळमिलवाल्यांची कसोटी. ते शेतकरी म्हणून आधीच आहेत, त्याच पार्टीला खरेदीदाराची ओळ जोडायची. सरळ वाटणारा मार्ग: खरेदीदारची वस्तू बनवायची, पार्टी_पीटीआरमध्ये ती पार्टी द्यायची, परवाना क्रमांक भरायचा आणि सेव्ह.

सेव्ह झालं. एकही त्रुटी नाही. पार्टीचं पान उघडलं तर नाव कोरं, गाव कोरं, मोबाईल कोरा.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण चालू डेटावर झालं तर फार महागात पडेल. मल्टी-टेबल इनहेरिटन्समध्ये मूल सेव्ह करताना जँगो पालकाची ओळही लिहितो. मी बनवलेल्या खरेदीदारच्या वस्तूत नाव भरलेलं नव्हतं, म्हणजे तिथे रिकामी स्ट्रिंग होती. पीटीआरमध्ये पार्टी दिली म्हणून तिच्यातली नाव-गाव ही मूल्यं आपोआप मुलात येत नाहीत, फक्त किल्ली येते. जँगोने ती रिकामी मूल्यं प्रामाणिकपणे पार्टीच्या ओळीवर लिहिली. नॉट नल बंधन असूनही पोस्टग्रेसने हरकत घेतली नाही, कारण रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल (मूल्यच नसणं) नव्हे.

उपाय दोन. एक, सेव्ह ऐवजी सेव्ह_बेस बोलवून रॉ हा पर्याय ट्रू द्यायचा. मग जँगो पालकाला हात लावत नाही, फक्त मुलाची ओळ घालतो. दोन, पालकाची सगळी मूल्यं आधी मुलात उतरवून मग सेव्ह करायचं. दोन्ही चालतात, दोन्ही करून पाहिले. पण प्रत्येक नव्या फॉर्ममध्ये, प्रत्येक इम्पोर्टमध्ये पुढच्या माणसाला हे आठवलं पाहिजे. एकदा विसरला तर शेतकऱ्याचं नाव पुसलं जाणार, तेही आवाज न करता. हे मला स्वीकारार्ह नाही.

जाता जाता एक संरक्षण मात्र कायमचं घातलं: नाव रिकामं नसावं असं चेक कन्स्ट्रेंट डेटाबेसमध्येच. हे बंधन आधी असतं तर ती रिकामी मूल्यं आतच गेली नसती.

१२ जून

काढून टाकण्याची बाजू तपासली. एखाद्याने परवाना सोडला, आता तो खरेदीदार नाही, फक्त त्याची खरेदीदाराची ओळ काढायची आहे. डिलीट बोलवलं की जँगो मुलाबरोबर पालकही काढायला जातो. खतावणीच्या फॉरेन कीवर ऑन_डिलीट कॅस्केड असेल तर पार्टीबरोबर त्या माणसाची खतावणीही जाते. प्रतीवर हे घडताना बघितलं. एका क्लिकमध्ये पान साफ. प्रोटेक्ट लावलं तर उलट टोक: खतावणीत एक जरी नोंद असेल तरी प्रोटेक्टेड एरर, म्हणजे भूमिका काढताच येत नाही.

यावर जँगोने कीप_पेरेंट्स दिलेलं आहे. डिलीट करताना ते ट्रू द्यायचं, पालक राहतो. अडचण ही की ते एकेका वस्तूच्या डिलीटला मिळतं, क्वेरीसेटच्या (अनेक वस्तूंच्या यादीच्या) डिलीटला नाही. आणि ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार पडद्यांवर) यादीतून टिक करून 'निवडलेले काढा' म्हटलं की क्वेरीसेटचंच डिलीट चालतं. दुकानातली मुलं ॲडमिनमधूनच काम करतात.

१४ जून

मुनीमजींची कागदी खतावणी पुन्हा समोर घेऊन बसलो. त्यांच्या वहीत 'शेतकरी' नावाचं माणसाचं काही वेगळं वाण नाही. पान माणसाचं आहे. त्याने माल घातला तर तो त्या सौद्यात शेतकरी, माल घेतला तर त्या सौद्यात खरेदीदार. आपण मॉडेल लिहिताना 'शेतकरी ही एक पार्टी आहे' असं म्हणतो आणि लगेच इनहेरिटन्स लावतो. खरं वाक्य 'या पार्टीकडे शेतकऱ्याची माहिती आहे' असं हवं. भूमिका येते, जाते, दोन-दोन असतात. माणूस आणि त्याचं खातं तेच राहतं. खतावणीची किल्ली माणसाकडे गेली पाहिजे, भूमिकेकडे नाही.

म्हणून ठरलं: इनहेरिटन्स बंद. पार्टी हे साधं टेबल. शेतकरी_माहिती आणि खरेदीदार_माहिती ही दोन साधी टेबलं, दोन्हीत पार्टीकडे जाणारं उघड वन-टू-वन, तेच प्रायमरी की. खतावणीतून पार्टीला फॉरेन की, ऑन_डिलीट प्रोटेक्ट.

टेबलांचं चित्र काढलं तर मल्टी-टेबल इनहेरिटन्ससारखंच दिसतं, जवळजवळ तेच कॉलम. फरक वागण्यात आहे. खरेदीदार_माहिती सेव्ह केली तर पार्टीला धक्का लागत नाही. काढली तर पार्टी जागेवर. रॉ नको, कीप_पेरेंट्स नको. आणि मायग्रेशनमध्ये पालक बदलण्याचं संकटही नाही, कारण जुन्या शेतकरी टेबलात एक नवा कॉलम वाढवून तोच प्रायमरी की करणं एवढंच उरतं.

एक लक्षात ठेवायचं: ज्या पार्टीकडे खरेदीदार_माहिती नाही तिच्यावर पार्टी.खरेदीदार_माहिती वाचलं की नन मिळत नाही, रिलेटेड ऑब्जेक्ट डझ नॉट एक्झिस्ट हा अपवाद उडतो. टेम्पलेटमध्ये तो गिळला जातो, पायथन कोडमध्ये नाही. यादी काढताना सिलेक्ट_रिलेटेडमध्ये दोन्ही नावं द्या, उलट्या वन-टू-वनला ते चालतं. नाहीतर दर माणसामागे वेगळी क्वेरी, आणि उधारीची यादी उघडेपर्यंत चहा गार होतो.

संभाजीनगरला जावावर काम करणाऱ्या मित्राला हे दाखवलं. हायबरनेटमध्ये (जावाचं डेटाबेसशी बोलणारं साधन) त्याने हेच भोगलं आहे. तिथे टेबल-पर-क्लास घेतलं तर मुलांच्या ओळी पालकाच्या टेबलात नसतात, म्हणून पालकाकडे डेटाबेसची खरी फॉरेन की लावता येत नाही. आयडेंटिटी पद्धतीने आयडी बनवणंही त्या मांडणीत चालत नाही. जॉइन्डमध्ये फॉरेन की मिळते, पण एका ओळीचा प्रकार एकच, दाळमिलवाले तिथेही बसत नाहीत. त्याने आणखी एक सांगितलं: लेझी नात्यातून पालक आणला की हातात प्रॉक्सी (खऱ्या वस्तूच्या जागी उभी केलेली वस्तू) येते, तिच्यावर इन्स्टन्सऑफ लावलं तर मुलाचा प्रकार ओळखू येत नाही. आधी हायबरनेट.अनप्रॉक्सी करायचं, मग विचारायचं.

१७ जून

डेटा उतरवायला सुरुवात. शेतकऱ्यांच्या हातातल्या जुन्या पट्ट्यांवर त्यांचा खाते क्रमांक छापलेला आहे, म्हणून शेतकऱ्यांचे आयडी जसेच्या तसे पार्टीत घातले. नंतर खरेदीदार घालायला गेलो तर पहिल्याच ओळीला 'डुप्लिकेट की'. आयडी हाताने दिला की पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा मोजक) पुढे सरकत नाही, तो अजून एकवरच उभा असतो. एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट ही जँगोची आज्ञा हवं ते एसक्यूएल छापून देते. ते शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मध्ये चालवलं, सुटलं.

वेळ खाल्ला तो दोन टेबलांतला एकच माणूस ओळखण्याने. नाव आणि गाव जुळवून बघावं म्हटलं. कुऱ्हाडे आडनाव दोन्हीकडे आहे, डोळ्यांना हुबेहूब, तरी मशीन म्हणतं वेगळं. बाइट काढून पाहिले. एका ऑपरेटरच्या कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर टाकलं होतं, दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी युनिकोड खूण). युनिकोडचं एनएफसी (अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं तर र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, पण हा झेडडब्ल्यूजेचा प्रकार तसाच राहतो. तो स्वतः बदलून घ्यावा लागतो: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त. आधी हे, मग एनएफसी, मग शेवटच्या मोकळ्या जागा. मराठी नावं जुळवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, ऱ्य आणि ऱ्ह असलेली नावं आपल्याकडे कमी नाहीत.

मोबाईल क्रमांकाला किल्ली करण्याचा मोह आवरा. बाप आणि दोन मुलगे एकाच नंबरवर असतात.

गावाचंही तेच. गावांचं टेबल करून नावावर टू_फील्ड (आयडीऐवजी दुसऱ्या फील्डकडे किल्ली नेणं) लावून पाहिलं. जँगो ई३११ देतो: ज्या फील्डकडे फॉरेन की जाते ते युनिक हवं. आणि गावाचं नाव युनिक करता येत नाही. वडगाव, पिंपळगाव मराठवाड्यात किती म्हणून मोजणार. गाव आणि तालुका मिळून युनिक कन्स्ट्रेंट, आणि फॉरेन की साध्या आयडीला. जुळलेल्या जोड्यांची यादी छापून मुनीमजींना दिली. मशीनने 'एकच' ठरवलेल्यांपैकी काही चुलतभाऊ निघाले. मशीनने सुचवायचं, जोडायचं माणसाने.

१९ जून

मायग्रेशन एकाच फाइलमध्ये लिहिलं होतं: आधी डेटा भरणं, लगेच कॉलम नॉट नल करणं. पोस्टग्रेस म्हणाला, पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स आहेत, टेबल बदलता येणार नाही.

जँगो पोस्टग्रेसवर फॉरेन की 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' अशी बनवतो. म्हणजे ओळ घातली त्या क्षणी तपासणी होत नाही, कमिटला, म्हणजे सगळे बदल एकदम पक्के होताना, होते. तोपर्यंत त्या तपासण्या रांगेत असतात आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होतील किंवा एकही नाही अशा बदलांच्या गटात) टेबलाची रचना बदलू देत नाहीत. फाइल तीन केल्या: कॉलम वाढवणं, डेटा भरणं, बंधनं कसणं. प्रत्येक फाइलचं ट्रान्झॅक्शन वेगळं, प्रश्न मिटला.

याच कारणाने चालत्या प्रोग्राममध्येही त्रुटी भलत्या ओळीवर दिसते. चुकीची पार्टी सेव्ह झाली तिथे काही नाही, आणि व्ह्यू संपून कमिट होताना इंटिग्रिटी एरर. नेमकी जागा शोधायची असेल तर ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला 'सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट' चालवा. मग चूक जिथे आहे तिथेच थांबते.

संध्याकाळी वारं सुटलं आणि यार्डातली वीज गेली, नेमकं डेटा भरणं चालू असताना. यूपीएसने दोन मिनिटंही तग धरला नाही. मशीन परत चालू केल्यावर पहिली फाइल पूर्ण झालेली, दुसरी जणू सुरूच झाली नव्हती, अर्धवट काही नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचे बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, म्हणून हे वाचलं. मायएसक्यूएलवर रचनेचे बदल मागे फिरत नाहीत, तिथे काम असेल तर बॅकअपशिवाय सुरू करू नका. यूपीएसची बॅटरी बदलली, साधारण बाराशे रुपये. या कामात सामानाचा खर्च एवढाच.

२३ जून

लटकलेल्या नोंदी. तिसरी फाइल 'कॉलममध्ये नल आहेत' म्हणून अडली, ती यांच्यामुळेच.

सोपा मार्ग होता: 'अज्ञात' नावाची पार्टी करून सगळ्या तिच्याकडे ढकलायच्या. मालकांनीही तसं सुचवलं. मी नको म्हटलं, आणि मुनीमजी माझ्या बाजूने उभे राहिले. त्या प्रत्येक ओळीत कुणाची तरी पट्टी आहे किंवा कुणाची तरी उचल.

मग आम्ही दोघे बसलो. ते जुनी पट्टी बुकं आणि रोजमेळाच्या वह्या काढायचे, मी तारीख आणि रक्कम वाचायचो, ते पान शोधायचे. बहुतेक नोंदींचे धनी सापडले. दोन कारणं वारंवार दिसली: दुबार नाव म्हणून एक खातं काढलं आणि नोंदी दुसऱ्यावर वळवल्याच नाहीत, किंवा वारल्यावर खातं मुलाच्या नावे नवं उघडलं आणि जुनं पुसलं. दुसऱ्या प्रकारात वडिलांची पार्टी परत उभी केली, 'बंद' अशी खूण लावली, आणि शिल्लक मुलाच्या खात्यात रीतसर नोंदीने वळवली. खातं पुसायचं नसतं, बंद करायचं असतं. आता प्रोटेक्ट असल्यामुळे पुसताही येत नाही.

काही ओळी कुणाच्याच ठरल्या नाहीत. त्या वेगळ्या टेबलात मूळ क्रमांक, तारीख आणि रकमेसह ठेवल्या आहेत, छापील यादी मालकांच्या तिजोरीत आहे. कुणी जुनी पट्टी घेऊन आला तर तिच्याशी ताडून बघता येईल.

२६ जून

रात्री दुकान बंद झाल्यावर तिन्ही फाइल चालू डेटाबेसवर चालवल्या. त्याआधी पीजी_डंप घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर उभा करून बघितला. नुसता घेतलेला, उघडून न पाहिलेला बॅकअप मी धरत नाही. नंतर जुन्या आणि नव्या खतावणीची जमा आणि नावे यांची बेरीज महिनावार लावली. बाजूला ठेवलेल्या ओळी मिळवल्यावर रुपयाला रुपया जुळला.

सकाळी दाळमिलवाल्यांचं पान उघडलं. एक खातं, दोन्हीकडच्या नोंदी, खाली एक शिल्लक. मुनीमजींनी वहीतल्या पानाशी ताडून पाहिलं आणि पेन्सिलने बरोबरची खूण केली.

३० जून

हमालांचं राहिलं होतं. हमाली एकेका हमालाला जात नाही, टोळीला जाते, वाटणी ते आपसात करतात. म्हणून टोळी हीच एक पार्टी, आणि टोळीत कोण आहे यासाठी सदस्य टेबल: एक फॉरेन की टोळीच्या पार्टीकडे, एक माणसाच्या पार्टीकडे. एकाच टेबलाकडे दोन फॉरेन की असल्यामुळे जँगो ई३०४ देतो, उलट बाजूची नावं एकमेकांवर आदळतात. दोन्हींना वेगळं रिलेटेड_नेम दिलं: 'सदस्य' आणि 'टोळ्या'. टोळी आणि माणूस एकच नसावेत असं चेक कन्स्ट्रेंटही घातलं.

जुना 'प्रकार' कॉलम अजून काढलेला नाही. एका रिपोर्टमध्ये तो वापरात आहे. तो रिपोर्ट दिवाळीच्या हंगामाआधी बदलायचा आणि मग कॉलम काढायचा. तोवर रोज रात्री एक क्वेरी चालते: प्रकार 'ख' आहे पण पार्टीकडे खरेदीदार_माहिती नाही अशा ओळी. सकाळी मुनीमजी आधी ती यादी बघतात, मग दुकान सुरू होतं.